बत्तीस पाय

बार्न्सली. एप्रिल सरत आला तरी हीटर चालू.
टेरेन्स ऑल्डरिज संगणक घेऊन आले
नातवाच्या जुन्या बाबागाडीतून, पट्टा लावून.
"सोमवारी बटण दाबलं. पंखा फिरतो.
बाकी काही नाही."

पंखा फिरत होता.
पडदा काळा. बीपसुद्धा नाही.
व्हायरस हिवाळ्यातच घरात शिरला होता
कुणीतरी दिलेल्या पत्त्यांच्या खेळासोबत,
आणि भिडस्त पाहुण्यासारखा गप्प बसून राहिला
सव्वीस तारखेची वाट बघत.
चोर निदान वस्तू नेतो.
यानं पुसली ती एक नखाएवढी चिप,
जिच्यामुळे यंत्र जागं होताना म्हणतं
हा मी, ही माझी मेमरी, ती तिकडे डिस्क.
मूल जन्मतं तेच कोहं म्हणत, असं आपल्याकडे सांगतात.
हे तेवढंही विचारेना.

"नवा बोर्ड, साठ पौंड," दुकानाचा मालक क्लाइव्ह म्हणाला.
मी म्हटलं, थांब.
मागच्या खोलीत, शाळेच्या भंगारात,
याचा सख्खा भाऊ पडून होता,
तोच बोर्ड, तीच चिप, शाईचे डाग पडलेला.

करायचं ते असं:
भावाला सुरू करायचं, नीट जागं होऊ द्यायचं.
जाग आली की त्याला ती चिप लागत नाही;
घर सोडून लांब आलेल्याला
दाराची कडी लागत नाही तशी.
मग तो चालू असतानाच
चिप उपटायची
आणि तिच्या जागी मेलेली बसवायची.
"मी काही पाहिलं नाही," म्हणत क्लाइव्ह चहा करायला वर गेला.

चिपच्या पोटाखालून मी आधीच ओवून ठेवला
साडीला फॉल लावायचा दोरा, मोतिया,
दोन्ही टोकांना एकेक फास.
बत्तीस पाय.
एक वाकला तर उरतात एकतीस नव्हे, शून्य.
श्वास धरला. पायातला काटा काढतात तसं
सरळ वर.

तळहातावर ऊबदार काळा चौकोन,
आणि पडद्यावर कर्सर लुकलुकतोय.
त्याला कळलंच नव्हतं.

खाचेला खाच लावून मेलेली बसवली. लिही म्हटलं.
दहा टक्के. तीस.
चाळीसला वर किटली लागली
आणि दिवा मंदावला.
तेव्हा मी कुलदेवतेला नाही,
यॉर्कशायरच्या वीज कंपनीला हात जोडले.
एकसष्ट.
एकसष्ट.
एकसष्ट.
शंभर.

चिप तिच्या घरी परत. बटण.
बीप. एकच, बारीक, नाकात बोलल्यासारखी.
आणि पडद्यावर तारीख:
एक जानेवारी अठ्ठ्याण्णव.
त्या दिवशी मी कुर्डुवाडीत होते,
काकांच्या दुकानात ट्रान्झिस्टर उघडून बसलेली,
बार्न्सली हे नाव नकाशातही न पाहिलेलं.
मिनिटभर ती तारीख तशीच राहू दिली.
मग बदलली.

डिस्कचं डोकंही खाल्लेलं होतं त्यानं.
दोन रात्री खणून
कबुतर क्लबच्या नऊ वर्षांतली सहा हाती लागली:
रिंगचे क्रमांक, पोचल्याच्या वेळा, सेकंदांसकट.

ऑल्डरिज चष्मा कपाळावर चढवून यादी वाचत राहिले.
"हिच्यात निळी मादी नाही. एक्क्याण्णव सालची.
फ्रान्समधून सोडली होती.
पाचव्या दिवशी घरी आली, चालत."

"चालत?"

"पंख मोडलेला. शेवटचा रस्ता तरी चालतच.
मिसेस पिकर्सगिलनं पाहिली,
पोस्टाच्या कोपऱ्यावर, फुटपाथनं येताना."

मी खुर्ची दिली.
एका बोटानं, अक्षर शोधत शोधत,
त्यांनी तिची ओळ घातली,
क्रमांक न अडखळता.
वेळेच्या रकान्यापाशी मात्र थांबले.

"सेकंद आठवत नाहीत," म्हणाले.
"चहाची वेळ होती."